घर कॅरीत, पण शाळा कुठली? वेक काउंटीच्या शाळांचा डेटा वाचायची एक केस

माझा मावसभाऊ आणि वहिनी न्यू जर्सीतल्या एडिसनहून नॉर्थ कॅरोलायनात शिफ्ट होणार होते. दादाची नवीन नोकरी रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये, त्यामुळे घर बघायचं ते कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स या पट्ट्यात, म्हणजे वेक काउंटीच्या पश्चिम भागात. दोन मुलं. मोठी मुलगी सातवीत जाणार, गणितात वर्गाच्या पुढे. धाकटा तिसरीत जाणार, त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचायला शिकणं अवघड जातं, आणि एडिसनमध्ये त्याचं आयईपी, म्हणजे अशा मुलासाठी शाळेने लिहून दिलेला शिक्षणाचा आराखडा, चालू होतं, त्यात वाचनासाठी रोज वेगळा वेळ आणि वेगळी टीचर. मी डेटाचंच काम करतो म्हणून वहिनींनी फोन केला, "भाऊजी, तुम्ही जरा बघून सांगा ना, शाळा कुठली चांगली आहे ते." माणसांची आणि शाळांची नावं सोडून ही सगळी केस इथे लिहितोय, कारण आपले बरेच लोक याच पट्ट्यात येतायत आणि सगळे त्याच एका आकड्यावर घर ठरवतायत.

तो आकडा म्हणजे झिलो या घरं शोधायच्या साइटवर प्रत्येक घराखाली दिसणारं ग्रेटस्कूल्स या संस्थेचं शाळेचं रेटिंग, एक ते दहा. दादाने फिल्टरच लावला होता, आठच्या खाली काही दाखवूच नको. ओळखीच्या लोकांनी दोनतीन शाळांची नावं सांगितली होती, ती सगळी नऊ-दहावाली, आणि त्या भागातली घरं दादाच्या बजेटच्या वर जात होती. प्रश्न असा की तो वरचा पैसा नक्की कशाला द्यायचा.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. न्यू जर्सीत शाळा गावाच्या असतात. तिथे सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारी मंडळं, आहेत, एडिसनमध्ये घर घेतलं की एडिसनची शाळा, विषय संपला. नॉर्थ कॅरोलायनात १०० काउंट्या आणि ११५ डिस्ट्रिक्ट, म्हणजे जवळजवळ एक काउंटी एक डिस्ट्रिक्ट. वेक काउंटीचं डिस्ट्रिक्ट १९७६ साली रॅली शहर आणि काउंटीच्या शाळा एकत्र करून झालं, आज त्यात सुमारे १ लाख ६० हजार मुलं आणि २०० च्या आसपास शाळा आहेत. म्हणून "वेकचं डिस्ट्रिक्ट चांगलं आहे" या वाक्याला तसा काही अर्थ नाही, दोनशे शाळांची सरासरी घेऊन तुमच्या मुलाचं काय करणार. आणि "कॅरीच्या शाळा" असं तर काही नाहीच, कारण कॅरी गावाकडे शाळाच नाहीत, त्या काउंटीकडे आहेत.

त्यामुळे मी दादाला पहिलं सांगितलं की रेटिंग बाजूला ठेव, आधी प्रत्येक घराचा पत्ता डिस्ट्रिक्टच्या साइटवर टाक आणि बेस स्कूल, म्हणजे त्या पत्त्याला नेमून दिलेली शाळा, कुठलं येतं ते लिहून काढ. झिलोवर लिहिलेली शाळा बरेचदा बरोबर असते पण तिच्या भरवशावर सही करायची नाही. त्याच्या यादीतल्या एका घराचा पत्ता कॅरी म्हणून होता, पिनकोड कॅरीचा, आणि टाकून बघितलं तर वेकच्या सिस्टिममध्ये तो पत्ताच नाही. कारण कॅरी गावाची हद्द पश्चिमेला चॅटम काउंटीत शिरते, तिथली घरं कॅरीची पण शाळा चॅटमच्या, टॅक्सही वेगळा. मॉरिसव्हिलच्या बाजूला तसंच डरहम काउंटीचं. चॅटमच्या शाळा वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये, पण वेकचा डेटा बघून चॅटममध्ये घर घेऊ नये एवढं तरी पाहिजे.

बेस स्कूल मिळालं म्हणजेही शाळा मिळाली असं नाही. हा भाग बाहेरून येणाऱ्यांना कोणी सांगत नाही. वेकची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ११ लाखांच्या पुढे गेली, पश्चिम भागात नवीन घरं इतकी झाली की काही शाळा भरून वाहतात, मग डिस्ट्रिक्ट त्या शाळेवर कॅप, म्हणजे मुलांच्या संख्येची मर्यादा, लावतं. कॅप लागलेल्या शाळेच्या हद्दीत तुम्ही नंतर राहायला आलात तर तुमच्या मुलाला ती शाळा मिळत नाही, ओव्हरफ्लो म्हणून ठरवलेली दुसरी शाळा मिळते, ती घरापासून लांबही असू शकते, आणि जागा झाली की मग परत यायचा प्रश्न. कॅपवाल्या शाळांची यादी डिस्ट्रिक्ट दर वर्षी साइटवर टाकतं. दादाच्या यादीतली सगळ्यात महाग दोन घरं ज्या एलिमेंटरी शाळेमुळे महाग होती तीच शाळा त्या यादीत होती. म्हणजे रेटिंगचे पैसे मोजायचे आणि मुलगा जाणार वेगळ्याच शाळेत. वहिनींना मी हे फोनवर दोनदा सांगितलं कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वासच बसला नाही, घर समोर असून शाळा नाही म्हणजे काय.

तिसरी गोष्ट कॅलेंडर. वेकमध्ये बऱ्याच शाळा इयर-राउंड आहेत, मुलं चार ट्रॅकमध्ये वाटलेली, साधारण नऊ आठवडे शाळा तीन आठवडे सुट्टी असं चक्र वर्षभर, एका वेळी तीन ट्रॅक शाळेत आणि एक बाहेर, त्यामुळे त्याच इमारतीत जास्त मुलं बसतात. वाढत्या काउंटीने काढलेला हा मार्ग आहे आणि कित्येक घरांना तो आवडतोही. पण हे वर्ष जुलैच्या सुरुवातीला चालू होतं. एडिसनची शाळा जूनच्या शेवटाशेवटाला संपते. दादा ऑगस्टमध्ये शिफ्ट होणार, म्हणजे धाकटा इयर-राउंडमध्ये गेला तर महिनाभर उशिराने वर्गात जाणार आणि ट्रॅकही उरलेला मिळणार. दोघं नोकरी करणारे, आजी-आजोबा पुण्यात, तीन आठवड्यांच्या प्रत्येक ट्रॅक-आउटला कॅम्प शोधायचा आणि मोठीची मिडल स्कूल ट्रॅडिशनल, म्हणजे उन्हाळ्यात लांब सुट्टीवाली, असली तर दोन मुलांच्या सुट्ट्या कधीच जुळायच्या नाहीत. हे कुठल्याच रेटिंगमध्ये नाही.

आणि या हद्दी बदलतात. २००० पासून दहा वर्षं वेकचं धोरण असं होतं की कुठल्याही शाळेत गरीब घरातल्या, म्हणजे फ्री किंवा रिड्यूस्ड लंच घेणाऱ्या मुलांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, त्यासाठी मुलं लांबच्या शाळांत पाठवली जायची, २०१० मध्ये नव्या बोर्डाने ते मोडलं आणि त्यावरून मोठी भांडणं झाली. आता वेगळं आहे, पण नवीन शाळा उघडली की आजूबाजूचे भाग काढून तिला दिले जातातच. २०१९ ला पश्चिम कॅरीत ग्रीन लेव्हल हायस्कूल उघडलं तेव्हा हेच झालं. ज्याने शेजारच्या हायस्कूलचं नाव बघून घर घेतलं होतं त्याचा पत्ता नव्या, निकालांचा काही इतिहास नसलेल्या शाळेत गेला. ती शाळा पुढे चांगलीच चालली, पण घर घेताना त्याच्या हातात जो डेटा होता तो दुसऱ्याच शाळेचा होता.

हे सगळं झाल्यावर बाराएक घरांतून चार उरली, त्यातून दोन एलिमेंटरी शाळा. त्यांना क आणि ख म्हणू. क ला राज्याची ग्रेड ए, झिलोवर नऊ. ख ला राज्याची ग्रेड बी, झिलोवर सात, म्हणजे दादाच्या फिल्टरमध्ये ती दिसलीच नसती. ख च्या बाजूची घरं बरीच स्वस्त.

आता ही ए आणि बी येते कुठून ते बघा, सगळ्या केसचा गाभा इथे आहे. नॉर्थ कॅरोलायना २०१३-१४ च्या वर्षापासून प्रत्येक सरकारी शाळेला ए ते एफ ग्रेड देतं. शंभरातले ८० टक्के वजन अचिव्हमेंटला, म्हणजे किती मुलं पास झाली त्याला, आणि २० टक्के ग्रोथला, म्हणजे मुलं आधी जिथे होती तिथून वर्षभरात किती पुढे गेली त्याला. ८५ आणि वर ए, ७० आणि वर बी, ५५ आणि वर सी. ग्रोथचा आकडा ५० ते १०० मध्ये मांडतात, ७० च्या खाली असेल तर अपेक्षित प्रगती झाली नाही, ८५ च्या वर असेल तर अपेक्षेपेक्षा जास्त झाली. समजा एका शाळेचं अचिव्हमेंट ९१ आणि ग्रोथ ६६. ९१ चे ८० टक्के ७२.८, ६६ चे २० टक्के १३.२, बेरीज ८६, ग्रेड ए. समजा दुसऱ्या शाळेचं अचिव्हमेंट ६६ आणि ग्रोथ ९३. बेरीज ५२.८ अधिक १८.६ म्हणजे ७१.४, ग्रेड बी, काठावरची बी. पहिल्या शाळेत मुलं अपेक्षेपेक्षा कमी शिकली तरी ए, दुसऱ्यात भरपूर शिकली तरी जेमतेम बी. हे गणित मी दादाला कागदावर करून फोटो पाठवला, आणि त्यानंतर त्याने फिल्टर काढला.

कारण अचिव्हमेंट बहुतेक करून शाळेच्या आसपास कोण राहतं ते सांगतं. मॉरिसव्हिलमध्ये जवळजवळ निम्मी वस्ती आशियाई, आईबाप इंजिनियर, घरी पुस्तकं, शनिवारी कुमोनची शिकवणी, पाचव्या वर्षी वाचता येणारं मूल शाळेत जातं आणि तिसरीत टेस्ट पास होतं, यात शाळेचं श्रेय किती ते त्या आकड्यातून कळतच नाही. स्टॅनफोर्डचे शॉन रिअर्डन आणि त्यांच्या टीमने अख्ख्या देशाच्या तिसरी ते आठवीच्या टेस्ट एका मापात आणून एक संग्रह केलाय, स्टॅनफोर्ड एज्युकेशन डेटा अर्काइव्ह, सगळ्यांना फुकट उघडा. त्यात हे ठळक दिसतं की सरासरी मार्क घरच्या सुबत्तेबरोबर चढतात, पण दर वर्षी किती शिकलं याचा वेग सुबत्तेला फार थोडा बांधलेला आहे. श्रीमंत भागात कमी वेगाने शिकवणाऱ्या शाळा आहेत आणि साध्या भागात जोरात शिकवणाऱ्याही.

ग्रोथ काढायला हे राज्य इव्हास नावाचं मॉडेल वापरतं, ते सॅस कंपनीचं, जिचं हेडऑफिस कॅरीतच आहे. मुलाचे आधीचे टेस्ट स्कोर घेऊन अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष स्कोर त्याच्या वर गेला का खाली ते बघायचं. यातही खोट आहे हे सांगतो. कुमोनचा हात ग्रोथमध्येही असतो. आणि एलिमेंटरी शाळेत टेस्ट तिसरीपासूनच, तिसरीची ग्रोथ फक्त वाचनात निघते कारण वर्षाच्या सुरुवातीला वाचनाची एक टेस्ट असते, गणिताची नसते. म्हणजे केजी ते दुसरी शाळा काय करते ते या आकड्यात नाहीच, पाच-सहा वर्षांच्या मुलाचे आईबाप नेमके तेच शोधत असतात. आमच्या धाकट्याला तिसरीत जायचं होतं म्हणून आम्हाला ते चाललं.

क आणि ख ची मागची वर्षं काढली. एका वर्षावर काहीच ठरवायचं नाही. तिसरीत शंभर मुलं असली तर एक मूल म्हणजे एक टक्का, चारपाच मुलं त्या दिवशी आजारी किंवा एक टीचर अर्ध्या वर्षात सोडून गेली की आकडा हलतो. शिवाय २०२० च्या वसंतात कोविडमुळे टेस्ट झाल्याच नाहीत, २०१९-२० आणि २०२०-२१ ला ग्रेड दिल्याच नाहीत, ती दोन खणं रिकामी, आणि २०१९ ची रेघ सरळ २०२२ ला जोडून "शाळा घसरली" म्हणणं बरोबर नाही कारण सगळ्याच शाळा तेव्हा खाली होत्या. २०२२ पासूनची वर्षं बघितली तर ख ने प्रत्येक वेळी अपेक्षेपेक्षा जास्त ग्रोथ दाखवली होती. क ची एक वर्ष बरी, एरवी अपेक्षेइतकी किंवा खाली.

मग धाकट्याचा प्रश्न. त्याला अख्ख्या शाळेचा आकडा लागूच होत नाही. केंद्राच्या कायद्यामुळे राज्याला निकाल गटागटाने द्यावे लागतात, आशियाई, गोरे, काळे, हिस्पॅनिक, गरीब घरातले, इंग्रजी शिकणारे, आणि डिसॅबिलिटी असलेले. राज्याच्या स्कूल रिपोर्ट कार्डवर हे सगळं आहे, फक्त पहिल्या पानावर नाही, खाली जावं लागतं. आशियाई गट दोन्ही शाळांत उघडला तर बऱ्याच खणांत "९५ हून जास्त" एवढंच लिहिलेलं, कारण ९५ च्या वरचे टक्के राज्य झाकतं. वहिनी म्हणाल्या मग दोन्ही सारख्याच की, आणि त्या बरोबर होत्या. आपल्या मुलांच्या गटापुरतं नऊ आणि सात यात फरक दिसतच नव्हता, फरक होता तो बाकीच्या वस्तीचा. डिसॅबिलिटीचा गट उघडला तेव्हा मात्र चित्र पालटलं. क मध्ये एका इयत्तेत तो खणच रिकामा, दहापेक्षा कमी मुलं असतील तर खाजगीपणासाठी आकडा देत नाहीत, आणि सगळ्या इयत्ता एकत्र धरल्या तर त्या गटाचं वाचन शाळेच्या मानाने फारच खाली. ख मध्ये हा गट मोठा, आणि त्याचं वाचन वर्षागणिक वर येत होतं. गट मोठा असणं आमच्यासाठी चांगलीच गोष्ट होती, कारण अशी मुलं जास्त असतात तिथे स्पेशल एज्युकेशनच्या टीचर जास्त असतात आणि त्यांना रोजची सवय असते.

एवढ्यावर थांबलो नाही. केंद्राच्या सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शनमध्ये शाळावार काउन्सेलर किती, सस्पेन्शन कुणाची किती ते मिळतं, थोडं जुनं असतं पण अंदाज येतो. गैरहजेरीही बघितली. दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर म्हणजे क्रॉनिक अॅबसेन्स, १८० दिवसांत १८, हा आकडा मला टेस्टच्या आकड्याइतकाच बोलका वाटतो, मुलांना यावंसं वाटतं का ते त्यात थोडंफार कळतं. राज्याच्या रिपोर्ट कार्डवर नवख्या टीचरचं प्रमाण असतं, तेही बघितलं, ख मध्ये जरा जास्त होतं आणि ते आम्ही उणे बाजूला लिहून ठेवलं. फ्री लंचच्या आकड्यावरून गरिबी मोजायचा लोकांना मोह होतो, तिथे सांभाळून, कारण काही शाळांत सगळ्यांनाच फुकट जेवण देतात आणि तिथे तो आकडा गरिबीबद्दल काही सांगत नाही.

नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये कायदा करून एलिमेंटरीच्या टीचरना वाचन शिकवायच्या शास्त्राचं ट्रेनिंग सक्तीचं केलं, अक्षर-आवाज पद्धतशीर शिकवायचं, चित्र बघून शब्द ओळखायला लावायचं नाही. डिस्लेक्सियावाल्या मुलाला हीच पद्धत लागते, तेव्हा ही गोष्ट दोन्ही शाळांच्या जमेची. पण याच राज्यात तिसरीच्या शेवटी वाचन जमलं नाही तर मुलाला तिसरीतच मागे ठेवण्याबद्दलचा रीड टू अचीव्ह कायदाही आहे. त्यात सवलती आहेत, समर कॅम्प आहे, आयईपीवाल्या मुलांसाठी वेगळी वाट आहे, पण तिसरीतच प्रवेश घेणाऱ्या मुलाच्या आईला हे आधी माहीत पाहिजे. वहिनी हे ऐकून गप्प झाल्या होत्या, मी त्यांना सवलतींचा भाग वाचून दाखवला.

मोठीच्या बाबतीत एक सापळा आहे, तो नीट सांगतो कारण यात हुशार माणसंही अडकतात. मिडल स्कूलच्या निकालात आठवीच्या गणिताचा आकडा बघितला तर पश्चिम वेकच्या नावाजलेल्या शाळांतही तो सहावी-सातवीच्या मानाने अचानक पडलेला दिसतो. दादा म्हणाला, "आठवीत गणित शिकवतच नाहीत का रे हे लोक?" तसं नाहीये. गणितात पुढे असलेली मुलं आठवीतच मॅथ १, म्हणजे हायस्कूलच्या गणिताचा पहिला कोर्स, घेतात, आणि ती आठवीची नेहमीची टेस्ट देत नाहीत, मॅथ १ ची देतात. म्हणजे आठवीच्या टेस्टला उरतात ती मागची मुलं. शाळेने जितकी जास्त मुलं पुढे काढली तितका हा आकडा वाईट दिसणार. बघायचं ते किती मुलं आठवीत मॅथ १ देतात आणि त्यात किती पास होतात. हायस्कूलच्या मॅथ १ चंही तेच, तगडी मुलं ती मिडल स्कूलमध्येच देऊन आलेली असतात, त्यामुळे हायस्कूलच्या नावावरचा आकडा बिचारा दिसतो. ख च्या पत्त्याला जी मिडल स्कूल येत होती तिथे आठवीची टेस्ट देणारी मुलं थोडी आणि मॅथ १ देणारी भरपूर. मोठीसाठी तेवढं पुरलं, बाकी तिच्यावर आम्ही वेळ घालवला नाही.

मधेच दादाने एडिसन आणि वेक शेजारी ठेवून एक तक्ता केला आणि म्हणाला वेकमध्ये पास जास्त होतात, म्हणजे वेक पुढे. असं चालत नाही. न्यू जर्सीत पाच पायऱ्या, चौथी पायरी म्हणजे अपेक्षा पूर्ण. नॉर्थ कॅरोलायनात नापास, मग ३, ४, ५, आणि तीनलाच इयत्तेपुरतं पास म्हणतात, कॉलेजच्या वाटेवर आहे असं म्हणायला चार लागते. तुलना करायचीच तर इथल्या चार आणि वर यांची करायची, आणि तरीही पूर्ण जुळत नाही कारण पेपर वेगळा, पासाची रेषा प्रत्येक राज्य स्वतः आखतं. केंद्राचं शिक्षण आकडेवारी खातं या सगळ्या रेषा नेप या राष्ट्रीय टेस्टच्या मापावर बसवून बघतं आणि त्यात राज्याराज्यांत बराच फरक निघतो, २०२२ च्या मापात व्हर्जिनियाची चौथीच्या वाचनाची रेषा तर सगळ्यात खालच्यांपैकी होती. तेव्हा व्हर्जिनियातल्या लाउडन किंवा फेअरफॅक्सहून येणाऱ्यांनी तिथले नव्वद टक्के घेऊन इथल्या शाळांना नावं ठेवू नयेत. राज्य ओलांडून बघायचं असेल तर वर सांगितलेला स्टॅनफोर्डचा संग्रह वापरायचा.

डेटा इथपर्यंत. पुढचं फोनवरच कळतं. वहिनींनी दोन्ही शाळांच्या ऑफिसला फोन केले आणि मी सांगितलेले प्रश्न विचारले: डिस्लेक्सियासाठी कुठला प्रोग्राम वापरता, तो शिकवायचं ट्रेनिंग किती जणींकडे आहे, मुलाला वर्गातून बाहेर नेता का वर्गातच मदत करता, एका गटात किती मुलं. क मधून उत्तर आलं की आधी अॅडमिशन घ्या मग बघू. ख मधल्या स्पेशल एज्युकेशनच्या टीचरने स्वतः परत फोन केला, गटात तीनचार मुलं असतात म्हणाली, आणि जुनं आयईपी आणि शेवटचं इव्हॅल्युएशन दोन्ही आणायला सांगितलं. कायद्याने तसंही दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाला नवीन डिस्ट्रिक्टने पहिल्या दिवसापासून आधीच्याशी तुल्य सेवा द्यायच्याच असतात, स्वतःचं मूल्यमापन होऊन नवीन आयईपी होईपर्यंत. पण कागद हातात नसतील तर ती पहिल्या दिवसाची गोष्ट आठवडे लांबते, म्हणून वहिनींनी एडिसनच्या शाळेतून सगळ्याच्या कॉप्या जूनमध्येच काढून घेतल्या.

त्यांनी ख च्या हद्दीतलं टाउनहाउस घेतलं. कॅप नाही, ट्रॅडिशनल कॅलेंडर, दोन्ही मुलांच्या सुट्ट्या एकत्र. किमतीतला जो फरक वाचला त्यातला काही भाग धाकट्याच्या बाहेरच्या रीडिंग ट्युटरला जातोय, आणि माझ्या मते झिलोवरच्या दोन आकड्यांपेक्षा तो पैसा तिथे कितीतरी जास्त कामाला येतो. दादाचे एकदोन मित्र अजून म्हणतात की रीसेलला नऊवाली शाळा बरी. असेलही. त्याला घर विकायचं नव्हतं, मुलाला वाचायला शिकवायचं होतं.

ऑगस्टमध्ये अॅडमिशनला घराचे कागद, लसीकरणाचा दाखला आणि राज्याचा हेल्थ असेसमेंट फॉर्म लागला, तो फॉर्म नॉर्थ कॅरोलायनाच्या सरकारी शाळेत पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो, डॉक्टरची अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवलेली बरी. मोठीच्या हायस्कूलचं अजून नक्की नाही. पुढच्या वर्षीच्या हद्दींचा आराखडा दर वर्षी शरदात बोर्डापुढे येतो, ती नववीत जाईपर्यंत पत्ता इकडचा तिकडे होऊ शकतो, ते नकाशे बघायचं दादाने अंगावर घेतलंय. धाकट्याची नवीन आयईपी मीटिंग झाली, वाचनाचा रोजचा वेळ एडिसनइतकाच लिहून मिळाला आणि गटात त्याला धरून चार मुलं आहेत.